खोलीतली हवा आणि टँकचा पीएच : ३०० लिटरच्या एका रीफ टँकचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण घरातल्या एका खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकचे, म्हणजे जिवंत प्रवाळे पाळायच्या टँकचे, आहे. वरच्या टँकमध्ये २४० लिटर आणि खालच्या कपाटातल्या सम्पमध्ये, म्हणजे उपकरणे ठेवायच्या जोडटाकीत, ६० लिटर, असे एकूण ३०० लिटर पाणी. खडक आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा करून हा आकडा काढला आहे आणि पुढचे सगळे हिशेब त्यावरच केले आहेत. टँकवर छापलेली क्षमता हेच पाण्याचे आकारमान समजले, तर प्रत्येक डोस जास्त पडतो.

टँक १४ महिन्यांचा. त्यात मऊ प्रवाळे, दोन युफिलिया, आणि ॲक्रोपोरा व मॉन्टिपोरा या कठीण सांगाड्याच्या प्रवाळांचे दहाएक छोटे तुकडे. क्षारता (मिठाचे प्रमाण) ३५ पीपीटी, तापमान २५.५ अंश, पीपीएममध्ये कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १३१०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, ८.१ डीकेएच (हे तिचे एकक). अल्कलिनिटीचा खप दिवसाला जेमतेम ०.३ डीकेएच होता. रोज २.७ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून तो भरून काढला जाई.

टँक ज्या खोलीत होता ती सुमारे १४ चौरस मीटरची. तिथे दोन माणसे झोपत आणि वातानुकूलनासाठी खिडक्या जवळपास कायम बंद असत. मासे उडी मारू नयेत म्हणून टँकवर काचेचे झाकण होते. पाण्यात हवेचे बुडबुडे घुसळून फेसावाटे घाण काढणाऱ्या स्किमरचा आवाज येऊ नये म्हणून खालच्या कपाटाची दारे लावलेली असत. स्किमर हवा ओढत होता ती त्याच बंद कपाटातली. सुरुवातीला या गोष्टी कोणी नोंदवल्याही नव्हत्या, पण सगळे प्रकरण त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

अडचण

पीएच मोजणारा प्रोब पहाटे ७.६२ आणि संध्याकाळी दिवे बंद होण्याआधी ७.८४ दाखवत होता. चढउताराची पद्धत नेहमीचीच होती : दिवे असताना प्रवाळांतले आणि खडकावरचे शैवाल कार्बन डायऑक्साइड वापरते म्हणून पीएच चढतो, आणि रात्री टँकमधले सगळेच श्वास सोडतात म्हणून उतरतो. काळजी होती ती या चढउताराच्या पातळीची. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. रीफ टँक ७.८ ते ८.४ या पट्ट्यात चालतात आणि ७.८ वर वर्षानुवर्षे छान चाललेले टँकही असतात. पण पीएच ७.७ च्या खाली गेला की नेहमीच्या अल्कलिनिटीला ॲरागोनाइट, म्हणजे प्रवाळाचा सांगाडा ज्याचा बनतो ते खनिज, विरघळण्याच्या उंबरठ्यावर येते. सांगाडा रचायला प्रवाळाला तेव्हा खूप जास्त ताकद खर्चावी लागते.

लक्षणेही तशीच होती. ॲक्रोपोराचे तुकडे मेले नव्हते, रंगही टिकून होता, पण पाच महिन्यांत त्यांची वाढ नजरेत भरावी एवढीही झाली नव्हती. मागच्या काचेवर जांभळे कोरलाइन शैवाल तुरळक. आणि अल्कलिनिटीचा खप ०.३ वर अडकलेला. एवढी प्रवाळे असलेल्या टँकसाठी हा खप कमीच म्हणायचा.

पहिला उपाय : पावडर

टँकधारकाने आधी तेच केले जे बहुतेक जण करतात. पीएच वाढवणारी बफर पावडर आणली आणि रोज घालायला सुरुवात केली. घातल्यावर तासाभरात आकडा ८.० च्या वर जाई, दुसऱ्या पहाटे पुन्हा खाली. मग पुढचा डोस. तीन आठवडे असे चालले.

तीन आठवड्यांनी पहाटेचा पीएच ७.७४ आणि संध्याकाळचा ७.९५ झाला. अल्कलिनिटी मात्र ८.१ वरून ११.६ डीकेएचला पोचली. साडेतीन डीकेएच चढवून पदरात पडले ते ०.१२. ॲक्रोपोराच्या दोन तुकड्यांची टोके पांढरी पडली, हीटरवर आणि सम्पमधले पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पंपाच्या इम्पेलरवर (फिरत्या पात्यावर) चुनखडीचा थर बसला.

असे का झाले, हे समजले की बाकीचे प्रकरण सोपे होते. टँकचा पीएच दोनच गोष्टी ठरवतात : अल्कलिनिटी आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइड तेवढाच ठेवून अल्कलिनिटी दुप्पट केली, तर पीएच साधारण ०.३ ने वाढतो. अल्कलिनिटी तेवढीच ठेवून कार्बन डायऑक्साइड निम्मा केला, तरी तेवढाच वाढतो. बफर पावडर म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांचे मिश्रण, म्हणजे अल्कलिनिटीच. ८.१ वरून ११.६ हे प्रमाण १.४३ पट होते, आणि त्यातून कायमची वाढ साधारण ०.१५ एवढीच निघते. प्रत्यक्षात मिळालेली वाढ या हिशेबाशी जुळत होती. डोसानंतरची ती तासाभराची उडी कार्बोनेटमुळे दिसायची. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात पुन्हा शिरला की ती ओसरायची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार होता.

इथला पहिला निर्णय साधा आणि अगदी बरोबर होता : पावडर आणि बायकार्बोनेट दोन्ही थांबवायचे, अल्कलिनिटी आपोआप उतरू द्यायची. मोठा पाणीबदल करून ती एका दिवसात खाली आणता आली असती, पण प्रवाळांना वाढीव अल्कलिनिटीइतकाच तिच्यातला अचानक बदलही सोसत नाही. ११ दिवसांत ती ८.४ वर आली. मग बायकार्बोनेट पूर्वीच्या मात्रेत पुन्हा सुरू झाले.

निदान

सुरुवात प्रोबपासून झाली. तो १६ महिने जुना होता आणि पीएच ७ आणि ४ च्या द्रावणांत कॅलिब्रेट केलेला होता. गोड्या पाण्यासाठी ही जोडी ठीक आहे. रीफ टँकसाठी ७ आणि १० हवे, म्हणजे मोजायचा आकडा दोन खुणांच्या मध्ये येतो. टोक शुद्ध पाण्याने विसळायचे, पुसायचे नाही, फक्त झटकायचे. १० चे द्रावण नव्या पुडीतलेच घ्यायचे, कारण उघडे राहिले की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि स्वतःच १० चे राहत नाही. असे कॅलिब्रेशन केल्यावर कळले की प्रोब ०.०६ ते ०.०७ ने कमी दाखवत होता. खरे आकडे निघाले पहाटे ७.६९ आणि संध्याकाळी ७.९०. अडचण थोडी हलकी झाली, पण गेली नाही.

त्यानंतर पेल्याची चाचणी. या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोगी पडलेले काम हेच, आणि त्याला एअर पंप, एअर स्टोन आणि दोन पेले यापलीकडे काही लागत नाही. सकाळी ११ वाजता टँकमधले अर्धा-अर्धा लिटर पाणी दोन पेल्यांत घेतले, तेव्हा पीएच ७.७८ होता. एक पेला घराबाहेर मोकळ्या हवेत ठेवून त्यात दीड तास हवा सोडली. दुसऱ्यात खोलीतच, खोलीतलीच हवा तेवढाच वेळ सोडली. बाहेरचा पेला ८.२७ वर गेला आणि खोलीतला ७.८७ वर थांबला.

याचे वाचन असे करायचे. खोलीतल्या पेल्यात पीएच चांगला वाढला असता, तर दोष टँकच्या आतल्या हवा-पाण्याच्या देवघेवीत आहे असे ठरले असते, आणि स्किमर सुधारून किंवा पृष्ठभाग ढवळून काम भागले असते. इथे खोलीतल्या पेल्याने फक्त ०.०९ दिले आणि बाहेरच्याने ०.४९. म्हणजे मुख्य दोष खोलीतल्या हवेचा, आणि थोडा वाटा झाकण व बंद कपाट यांचा. दोन्ही पेल्यांत वाढ झालीच नसती, तर प्रोब किंवा अल्कलिनिटीची टेस्ट किट यांच्यावर संशय घ्यावा लागला असता.

खात्रीसाठी कार्बन डायऑक्साइड मीटर मागून आणला. मोकळ्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम दाखवायला हवा, आणि तसा दाखवत होता. खोलीत दुपारी १०५०, पहाटे ६ वाजता १६५०. बंद कपाटात, जिथून स्किमर हवा घेत होता तिथे, पहाटे २०००. खोलीत पहाटे बाहेरच्या चौपट कार्बन डायऑक्साइड होता. चौपट म्हणजे दोनदा दुप्पट, म्हणजे पीएचमध्ये ०.६ ची घट. बाहेरच्या पेल्यातले ८.२७ आणि टँकचे पहाटेचे ७.६९ यांच्यातला फरक ०.५८ होता. हिशेब इतका जवळ आल्यावर शंकेला जागा उरली नाही.

शेवटची पडताळणी म्हणून दोन रात्री एक खिडकी १० सेंटिमीटर उघडी ठेवली. पहाटेचा कार्बन डायऑक्साइड ८०० वर आला आणि पीएच ७.८६ वर. टँकमध्ये एक थेंबही न घालता एवढी वाढ.

समोर असलेले पर्याय

खिडकी उघडी ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय, आणि जिथे जमते तिथे दुसरे काही शोधूच नये. इथे उष्णतेमुळे ते बारमाही जमणार नव्हते. त्या दोन रात्रींतच टँकचे तापमान १.२ अंशांनी वर गेले होते.

स्किमरला बाहेरची हवा देणे, हा पुढचा पर्याय. स्किमर तासाला शेकडो लिटर हवा पाण्यात घुसळतो. ती हवाच बदलली, तर टँकचे फुप्फुसच बदलल्यासारखे होते. अट एवढीच की टँकपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत नळी नेता आली पाहिजे. इथे ते अंतर ६ मीटर होते.

सोडा लाइम भरलेला कार्बन डायऑक्साइड स्क्रबर गांभीर्याने विचारात घेतला गेला. तो बसवणे सोपे असते : स्किमरच्या हवेच्या नळीवर डबा लावायचा, दाणे पांढऱ्याचे जांभळे झाले की बदलायचे. पण हिशेब मांडल्यावर चित्र बदलले. हा स्किमर तासाला सुमारे ५०० लिटर हवा घेत होता, म्हणजे दिवसाला १२,००० लिटर. सरासरी १३०० पीपीएम धरले, तर त्यात साडेपंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड येतो. एक किलो सोडा लाइम व्यवहारात १०० ते १५० लिटर शोषते. म्हणजे किलोभर दाणे आठवडा-दीड आठवड्यात संपणार. स्किमरच्या कपमधून बाहेर पडणारी हवाच पुन्हा स्क्रबरमध्ये फिरवली, तर दाणे बरेच जास्त टिकतात आणि त्या दमट हवेत कामही नीट करतात, कारण कोरडे पडलेले सोडा लाइम शोषणे थांबवते. बाहेरची हवा आणणे शक्यच नसेल तिथे हा पर्याय पहिला ठेवावा. इथे तो राखीव ठेवला.

सम्पमध्ये कीटोमॉर्फा शैवाल लावून त्याचे दिवे रात्री चालू ठेवणे, म्हणजे उलट वेळेचे रेफ्युजियम, यामुळे पहाटेची घट कमी होते. पण ६० लिटरच्या सम्पमध्ये स्किमर, हीटर आणि रिटर्न पंप बसवून उरलेली जागा फारच थोडी होती, आणि नायट्रेट-फॉस्फेटही आधीच बेताचे होते. प्रवाळांच्या तोंडचा घास काढून शैवालाला देण्यात अर्थ नव्हता.

राहिली ती चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे संपृक्त द्रावण. तिच्यातले हायड्रॉक्साइड पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडला धरून त्याचे बायकार्बोनेट करते. त्यामुळे पीएच चढतो, आणि शिवाय अल्कलिनिटी व कॅल्शियम प्रवाळांना लागते त्याच प्रमाणात मिळतात. बफर पावडर आणि निवळी यांत हाच मोठा फरक. पण तिलाही मर्यादा आहे : टँकच्या खपापेक्षा जास्त निवळी घालता येत नाही, नाहीतर अल्कलिनिटी पुन्हा चढू लागते. ०.३ डीकेएच खपाच्या टँकमध्ये नुसत्या निवळीने पीएच फार वर नेता आला नसता. म्हणून आधी हवा आणि मग निवळी, असा क्रम ठरला. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर किमान आठवडाभर फक्त नोंदी.

प्रत्यक्ष केलेले बदल

पहिल्या आठवड्यात काचेचे झाकण काढून तिथे बारीक जाळी ताणलेली चौकट बसवली आणि कपाटाची मागची फळी काढली. पीएच ७.७४ ते ७.९३ झाला. बाष्पीभवन दिवसाला ३ लिटरवरून ३.८ लिटर झाले. ते लक्षात घेऊन टॉप-ऑफच्या, म्हणजे बाष्पीभवनाची भरपाई करणाऱ्या, गोड्या पाण्याची टाकी मोठी करावी लागली, नाहीतर सुट्टीच्या दिवसांत ती रिकामी होऊन क्षारता चढली असती.

दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या हवेची नळी. पहिला प्रयत्न फसला. नेहमीची, आतून ६ मिमी व्यासाची एअरलाइन ६ मीटर ओढली आणि दुसऱ्या दिवशी स्किमरचा फेस बसला, कप कोरडा. स्किमरचा पंप हवा फुंकत नसतो, ओढत असतो. त्याची ओढ बेताची असते आणि लांब, अरुंद नळीच्या अडथळ्यापुढे ती हार मानते. नळीचा व्यास वाढवला की हा अडथळा साधारण व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतो. १३ मिमी नळी लावल्यावर अडथळा वीसेक पटीने घटला. ही जाड नळी थेट स्किमरपर्यंत आणली, फक्त शेवटच्या बोटभर अंतरात रिड्यूसर (व्यास कमी करणारा जोड) लावला, सायलेन्सर तसाच ठेवला. फेस पूर्ववत झाला, पण हवेचे प्रमाण किंचित बदलल्याने स्किमरची पाणीपातळी नव्याने जुळवावी लागली.

नळी बसवताना काही बारकावे पाळले. बाहेरचे तोंड खाली वळवलेले, त्यावर डासजाळी. नळीचा उतार बाहेरच्या दिशेने, म्हणजे आत साचणारे दव स्किमरकडे न येता बाहेर टपकते. तोंडाची जागा गॅस गीझरच्या धुराड्यापासून आणि वाहने उभी राहतात तिथून लांब. आणि कपाटाजवळ तीन तोंडी झडप, जिच्याने एका वळणात खोलीतली हवा घेता येते. ही झडप चैनीची वाटेल, पण बाहेर कीटकनाशकाची फवारणी किंवा रंगकाम सुरू झाले की तीच टँक वाचवते. शंका आली की झडप फिरवायची. एक-दोन दिवस पीएच कमी राहिल्याने प्रवाळांचे काही बिघडत नाही, कीटकनाशकाने कोळंबी आणि खेकडे तासाभरात जातात.

दोन आठवड्यांनी पीएच ७.८६ ते ८.०९ वर स्थिर झाला. खपही ०.४५ डीकेएच झाला होता. आता निवळीला जागा होती.

संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये साधारण ११४ डीकेएच इतकी अल्कलिनिटी आणि सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ३०० लिटर पाण्यात ०.४५ डीकेएच द्यायचे, तर ०.४५ गुणिले ३०० भागिले ११४, म्हणजे सुमारे १.२ लिटर निवळी रोज. बाष्पीभवनाचे उरलेले २.६ लिटर साध्या शुद्ध पाण्याने भरायचे. सगळे ३.८ लिटर टॉप-ऑफ निवळीचे केले असते, तर दिवसाला १.४ डीकेएच पडले असते, म्हणजे खपाच्या तिप्पट. टॉप-ऑफच्या टाकीतच चुना टाकण्याची सोय म्हणूनच टाळली. शिवाय त्यात पाण्याची पातळी पाहून पुरवठा थांबवणारा फ्लोट अडकला, तर सगळी टाकी एका दमात टँकमध्ये जाते.

द्रावण असे केले. १० लिटर शुद्ध पाण्यात २० ग्रॅम रीफसाठीचा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. बांधकामाचा चुना चालत नाही, त्यात काय मिसळलेले असेल त्याचा नेम नसतो. लिटरमध्ये विरघळते सुमारे दीड ते १.७ ग्रॅमच, जास्तीचे तळाशी बसते आणि द्रावण संपृक्त राहील याची हमी देते. पाण्यात पावडर घालायची, हळू ढवळायचे, झाकण लावून रात्रभर निवळू द्यायचे. घुसळून हवा मिसळली की हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याची चुनखडी करतो आणि ताकद जाते. पृष्ठभागावर येणारी पातळ साय तीच. पंपाची नळी तळापासून ४ सेंटिमीटर वर, म्हणजे गाळ ओढला जात नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा हातमोजे आणि चश्मा घालूनच काम.

डोसिंग पंप रात्री १० ते सकाळी ८ चालवला, तासाला १२० मिलि. पीएच तेव्हाच सर्वांत खाली असतो, म्हणून निवळीचा उपयोगही तेव्हाच सर्वांत जास्त. पहिले तीन दिवस ४०० मिलि, पुढचे तीन ८००, मग १२००. त्याच प्रमाणात बायकार्बोनेट कमी करत बंद केले. पंप मुद्दाम मंद घेतला : मिनिटाला ४ मिलि. टायमर अडकून तो रात्रंदिवस चालला, तरी २४ तासांत पावणेसहा लिटरपेक्षा जास्त जाणार नाही, आणि तेवढ्यात पीएच कंट्रोलर ८.४० ला त्याची वीज तोडेल. नळीचे टोक सम्पमध्ये जोरात वाहत्या पाण्यावर, पण पाण्याच्या ३-४ सेंटिमीटर वर. आधी ते पाण्यात बुडवले होते, आणि दहा दिवसांत चुनखडीने बुजले.

आठवड्याने पीएच ७.९६ ते ८.१३.

मधेच झालेली चूक

आकडे चांगले दिसू लागले आणि अल्कलिनिटी मोजणे मागे पडले. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सलग नऊ दिवस टेस्ट झाली नाही. केली तेव्हा ८.४ च्या जागी ६.७ निघाली.

चुना कमी पडला नव्हता, प्रवाळे जागी झाली होती. पीएच वाढल्यावर सांगाडा रचणे सोपे होते, प्रवाळे वेगाने वाढू लागतात आणि खप चढतो. इथे तो ०.४५ वरून ०.८ डीकेएच झाला होता. पीएच प्रोबने यातले काहीच सांगितले नाही, कारण निवळी ठरल्यासारखी पडत होती आणि हवा बाहेरचीच होती. अल्कलिनिटी ८.४ वरून ६.७ ला उतरली, तरी तिच्यामुळे पीएच ०.१ च घसरतो आणि रोजच्या चढउतारात तो दिसतही नाही. पीएच वर नेण्याच्या मागे असलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे : उपाय लागू पडू लागला की खप वाढणारच.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. तीन दिवस रोज २.८ ग्रॅम सोडियम कार्बोनेट विरघळवून, म्हणजे रोज ०.५ डीकेएच, असे ८.२ पर्यंत आणले. आणि निवळी चार दिवसांत टप्प्याटप्प्याने २.१ लिटरवर नेली : ०.८ गुणिले ३०० भागिले ११४. बाष्पीभवन ३.८ लिटर असल्याने अजून जागा शिल्लक होती. युफिलिया दोन दिवस आखडलेल्या होत्या, नंतर फुलल्या. नुकसान झाले नाही, पण आठवडाभर उशीर झाला असता तर ॲक्रोपोराचे तुकडे बुडापासून सोलले गेले असते.

निष्पत्ती

बाराव्या आठवड्यात पीएच पहाटे ७.९७, संध्याकाळी ८.१९. अल्कलिनिटी ८.० ते ८.४, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ५. मॉन्टिपोराच्या कडांना वाढीची पांढरी किनार आली, ॲक्रोपोराच्या बुडाने खडकावर पाय पसरले, काचेवर जांभळे ठिपके आठवड्याला खरवडावे लागू लागले. ही सगळी वाढ एकट्या पीएचची म्हणता येणार नाही. अल्कलिनिटी स्थिर झाली, पंपावरचा थर निघून प्रवाह सुधारला, यांचाही वाटा आहेच.

खोलीचा परिणाम पुसला गेलेला नाही. एका रात्री खोलीत चार पाहुणे झोपले, पहाटे मीटरने २४०० दाखवले आणि पीएच ७.८८ वर आला. दुसऱ्या दिवशी तो आपोआप सावरला, त्यासाठी काहीही घातले गेले नाही. पावडरच्या दिवसांत असा आकडा दिसताच डोस पडला असता.

नळीचे टोक महिन्यातून एकदा व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केले जाते, चुन्याच्या डब्यातला गाळ दर तिसऱ्या भरणीला फेकला जातो.

पुन्हा करायचे झाल्यास

पेल्याची चाचणी पहिल्याच दिवशी. दीड तासात जे कळले, ते कळायला इथे पाच आठवडे गेले आणि दोन तुकड्यांची टोके गेली. तिच्याही आधी प्रोबचे कॅलिब्रेशन. कार्बन डायऑक्साइड मीटर नसला तरी चालतो, पण दोन-चार दिवस कुणाकडून मिळाला, तर अंदाजाची जागा आकडे घेतात.

जाड नळी पहिल्यापासूनच लावायला हवी होती. ३ मीटरपेक्षा लांब जायचे असेल, तर ६ मिमीचा विचारही करू नये.

अल्कलिनिटी टेस्ट हा प्रत्येक बदलाचाच भाग समजायला हवा होता. आता नियम असा आहे : पीएचवर परिणाम करणारा कुठलाही बदल केला की दोन आठवडे रोज, त्याच वेळी, अल्कलिनिटी मोजायची. सलग तीन दिवस आकडा ०.१ च्या आत राहिला, तरच मोजणी आठवड्यातून दोनदा करायची.

एक निर्णय अजून वादाचा आहे, तो संध्याकाळचा पीएच ८.३ पर्यंत नेण्याचा. नळी आणि निवळी यांच्या जोडीला स्क्रबर लावून पहाटेचा आकडा ८.१ च्या वर नेता येईल. आमच्या मते या टँकमध्ये त्याची गरज नाही. पहाटे ७.९७ वर प्रवाळे वाढत आहेत, आणि जितकी जास्त यंत्रे पीएच उचलून धरतात, तितके एखादे बंद पडल्यावर तो खाली कोसळण्याचे अंतर वाढते. स्क्रबरचा डबा आणि एक किलो दाणे हवाबंद पिशवीत कपाटात ठेवले आहेत, ते बाहेर फवारणी लांबली आणि झडप चार-पाच दिवस खोलीतल्या हवेवर ठेवावी लागली, तर लावण्यासाठी.